माती बंद

एका छपराखाली राहून बापलेक तीन वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, असं घर तुम्ही पाहिलं आहे का? पाहिलं असेलच. आपल्या गावांत असल्या घरांची काही टंचाई नाही. कुठे बांधावरून अबोला, कुठे सुनेवरून, कुठे लग्नातल्या मानपानावरून. गोंदियाजवळच्या नागरा गावातल्या भैयाजी वस्तादांच्या घरातला अबोला होता तो कुस्तीवरून. त्यातही कुस्ती हरण्यावरून नव्हे, हरलो म्हणून कबूल करण्यावरून! ही गोष्ट इंग्रजांच्या अंमलातली. जंगल सत्याग्रह होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील.

सकाळची वेळ. भैयाजी ओसरीवर कडुनिंबाच्या काडीने दात घासत उभे. समोरच, हाक मारायचीही गरज नाही इतक्या जवळ, त्यांचा मुलगा गुलाबचंद बैल सोडतो आहे. आणि भैयाजी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणतात, "त्याले म्हनाव, ढवळ्याचा खूर सुजला आहे. आज गाडीले जुंपू नको."

चुलीपुढून निर्मलाबाई ओरडतात, "ऐकलं का रे?"

"ऐकलं म्हनाव," गुलाबचंद बैलाला सांगतो.

"मी का डाकवाली आहो का तुमची?" निर्मलाबाई फुंकणी आपटतात. "एक बुढा घोडा, एक जवान घोडा. मधात मी मरून राहिली!"

दोघेही आपापल्या कामाला लागतात. एक ओसरीवर जेवायचा, दुसरा गोठ्यात. निर्मलाबाई दोन्हीकडे वाढायच्या आणि स्वतः चुलीपाशी बसून एकट्याच खायच्या. माणसं तीन, आणि जेवणारा प्रत्येक जण एकटा. यापेक्षा निर्वंश घर बरं, असं त्या माउलीला वाटत असेल तर नवल नाही.

झालं होतं असं. शिवमंदिराच्या मागे भैयाजींचा आखाडा होता. ताक, हळद आणि तेल घालून मळलेली तांबडी माती, वर मोहाच्या झाडाची सावली. पंचक्रोशीत त्या आखाड्याचं नाव. भैयाजींची तऱ्हा भीमसेनी, म्हणजे जोराची. बैठका मारा, दगडी गोळे उचला, समोरच्याला उचलून आपटा आणि पाठ मातीला लावा. दुसरी तऱ्हा होती ती जांबुवंती. तिच्यात आपटाआपटी कमी. समोरच्याचा हात नाहीतर पाय असा पेचात धरायचा की त्याला हलताच येऊ नये. मग ज्याला सोसवत नाही त्याने मोकळा हात मातीवर ठोकायचा. हात ठोकला की धरणाऱ्याने तत्क्षणी सोडायचं. कुस्ती संपली.

भैयाजींना ही दुसरी तऱ्हा म्हणजे बायकी वाटायची. जत्रेच्या फडात मात्र दोन्ही तऱ्हांचे मल्ल यायचे, तेव्हा तिच्याशी गाठ पडायचीच. म्हणून त्यांनी आपल्या आखाड्याला एक कायदा घालून दिला होता. चित झालास तर चालेल, उद्या पुन्हा ये. पण मातीवर हात ठोकलास तर तुला माती बंद! माती बंद म्हणजे आखाड्याची पायरी चढायची नाही, आखाड्यातल्या कोणी त्याच्याशी कुस्ती धरायची नाही, पंगतीला शेजारी बसायचं नाही, आणि वस्ताद तर त्याच्याशी बोलणारच नाही. जातपंचायत माणसाचं पाणी बंद करते ना, त्यातलाच प्रकार! पंचायतीला नावं ठेवणारे शहाणेसुद्धा या कायद्याची वाहवा करायचे. "नागऱ्याचा पहेलवान मरेल, पर हात नाही ठोकनार," असं छाती फुगवून सांगायचे. आता मरायचं दुसऱ्याने असलं की छाती फुगवायला आपलं काय जातं?

तीन वर्षांपूर्वी गोंदियाच्या कुस्त्यांच्या दंगलीत गुलाबचंद एका जांबुवंती मल्लाच्या पेचात सापडला. खांदा निखळायला आला. त्याने बापाकडे पाहिलं. बापाने मान हलवली, नाही. गुलाबचंदने डोळे मिटले आणि हात ठोकला.

परतीच्या वाटेवर बाप पुढच्या बैलगाडीत, लेक मागच्या. त्या दिवसापासून बोलणं बंद. ठरलेली सोयरीक मोडली, कारण पोरीच्या बापाला भित्रा जावई नको होता. सोबती तोंड चुकवू लागले. गुलाबचंद पहाटे तलावाच्या पाळीवर जायचा आणि पळसाच्या खोडाला मिठी मारून एकटाच मेहनत करायचा. दुसरं कोण मिठी मारून देणार? चिंचेच्या आडून निर्मलाबाईंनी एकदा ते पाहिलं आणि पदर तोंडात कोंबून घरी आल्या.

बरं, बापाला सुख होतं म्हणाल, तर तेही नाही. गुलाबचंद तापाने फणफणला होता तेव्हा भैयाजी गोठ्याच्या दाराशी येऊन उभे राहिले होते. आत पाऊल टाकलं नाही. बैलाला वैरण टाकल्यासारखं केलं आणि परत गेले. वैरण आधीच टाकलेली होती. कायदा आपणच केलेला, मोडायचा कसा?

या कायद्याच्या मुळाशी भैयाजींचा डावा हात होता. तो खांद्याच्या वर जात नसे. जवानीत एका पेचात त्यांनी माती ठोकली नाही, आणि हाड असं वाजलं की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. गावाने त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं, फेटा बांधला. तो फेटा पुढे आयुष्यभर त्यांना स्वतःच्या हाताने बांधता आला नाही, ही गोष्ट गावाच्या लक्षात राहिली नाही. राहते का कधी?

महाशिवरात्रीला नागऱ्याच्या जत्रेत मोठा फड लागायचा. त्या वर्षी चिचगडहून सुकराम वस्ताद आपले मल्ल घेऊन आला. जंगलपट्टीतला काळासावळा, सुकडा माणूस. हा वस्ताद आहे असं सांगितल्याशिवाय कोणी म्हटलं नसतं. पाहुण्या वस्तादाने यजमान वस्तादाच्या घरी उतरायची रीत होती, म्हणून तो आदल्या दिवशीच भैयाजींकडे आला.

संध्याकाळी त्याच्या मल्लांनी आखाड्यात सराव केला. आरडाओरडा नाही, शड्डू नाही. दोघं जण खाली बसून सावकाश एकमेकांत गुंतत, जणू मिळून सरपणाची मोळी बांधत आहेत. एकाने हलकेच मातीवर हात ठोकला की दुसरा लगेच सोडायचा. मग दोघंही हसायचे आणि पुन्हा धरायचे. भैयाजींचे चेले कडेला उभे राहून खिदळत होते. त्यांचा म्होरक्या चुन्नीलाल, कुंदाबाई विधवेचा एकुलता एक मुलगा. मोठ्या अंगाचा, भोळ्या मनाचा. उद्या त्याचीच कुस्ती सुकरामच्या रामलालशी होती.

"वस्तादजी, हे तं हरायचीच तालीम करून राहिले!" चुन्नीलाल म्हणाला. सगळे खो खो हसले. भैयाजीही हसले.

जेवायला बसल्यावर सुकरामने ओसरीवर दोनच पानं पाहिली. गोठ्याकडे जाणारं तिसरं ताट त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

"तो पोट्टा कोन जी? आंग तं पहेलवानाचं दिसते."

भैयाजी भात कालवत राहिले. निर्मलाबाईंना मात्र राहवलं नाही. "आमचा मुलगा आहे तो, भाऊ. गोंदियाले बापानं मान हलवली, तरी माती ठोकली त्यानं. म्हनून त्याले माती बंद, अन् बापाचं तोंडबी बंद."

सुकरामने घास खाली ठेवला. "हात ठोकला म्हनून? वस्तादजी, मी तं पोट्ट्याले पहिल्याच दिवशी हात ठोकाले शिकवतो. मंग दुसऱ्याचा ठोका ऐकाले शिकवतो. हे दोन आल्याबिगर मी डावाले हात लावू देत नाही."

"म्हनूनच तुमचे पोट्टे भित्रे निघतात," भैयाजी म्हणाले.

"भित्रे?" सुकराम हसला. "तुमी एकडाव आपला हात दुसऱ्याच्या हाती देऊन पाहा न. मोडायची ताकद त्याच्यापाशी आहे, अन् मी ठोकलं का तो सोडते, एवढ्या भरवशावर देऊन पाहा. याले जिगर लागते जी! तुमच्या पोट्ट्याचा भरवसा कोनावर आहे? तो पेचातून तुमच्याकडं पाहते, अन् तुमी मान हलवता."

"गावाची इज्जत असते, सुकराम!"

"गावाची इज्जत पोट्ट्याच्या हाडात कायले ठेवता? गावाले ठेवाले दुसरी जागा नाही का? हात मोडला तं उद्या धानाच्या बांधीत चिखल गाव करेल का? रोवना गाव करून देईल का?" सुकरामची नजर भैयाजींच्या डाव्या हातावर गेली आणि आवाज उतरला. "रागावू नका जी. तुमचा फेटा कोन बांधते?"

 निर्मलाबाई वरण वाढता वाढता थांबल्या.

भैयाजींचा चेहरा लाल झाला. पाहुणा होता म्हणून, नाहीतर! ते ताटावरून उठले आणि हात धुवायला मागच्या अंगणात गेले. पण हात धुऊन झाले तरी ते तिथेच उभे राहिले. सुकरामने नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवून दाबलं होतं. तीस-बत्तीस वर्षांत त्यांनी जे स्वतःलाही सांगितलं नव्हतं, ते आता आतून वर येत होतं. गुलाबचंदने केलं ते बरोबर असेल, तर आपला हात फुकट गेला! तो हात फुकट गेला नाही हे ठरवण्यासाठी पोराला चूक ठरवणं भाग होतं. तेच तर ते इतकी वर्षं करत आले होते. पाहा मंडळी, माणूस आपली जखम कशी वारशाने देतो! वर तिला मान म्हणतो, परंपरा म्हणतो, आणि पोराने ती नाकारली की पोरालाच टाकून देतो.

हे सगळं कळलं म्हणून लगेच माणूस सुधारतो असं समजू नका. भैयाजी आत आले आणि कोणाशी न बोलता पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी जत्रेला मुंगी शिरायला जागा नव्हती. गोंदियाचे व्यापारी, खेड्यापाड्यांतले शेतकरी, रेल्वेतले नोकर, सगळे फडाभोवती दाटले होते. चुन्नीलालने मातीला हात लावून कपाळाला लावला आणि वस्तादाच्या पाया पडला. "काही झालं तरी नाही ठोकनार, वस्तादजी," तो म्हणाला. भैयाजींनी आशीर्वादाचा हात उचलला. रोजच्यासारखं "शाबास" मात्र तोंडातून निघालं नाही.

सुरुवातीला चुन्नीलालने रामलालला दोनदा उचलून आपटलं. लोकांनी टोप्या उडवल्या. पण रामलाल पडतानाच कूस बदलायचा, पाठ काही लावू द्यायचा नाही. तिसऱ्यांदा आपटायला गेलेल्या चुन्नीलालचा उजवा हात त्याने दोन्ही हातांत पकडला, पाय छातीवरून टाकला आणि मागे कलला. चुन्नीलालचा हात कोपरापासून ताठ झाला. सुटायला वाव नाही. कुस्ती कळणाऱ्या प्रत्येकाला दिसलं की ती तिथेच संपली होती. फक्त हात ठोकायचा बाकी होता.

"ठोकू नको बे!" लोक ओरडले. "हारना मत रे! टूटने दे, मगर हाथ मत मारना!" हे ओरडणारे सेठ लोक सतरंजीवर पान चघळत बसले होते.

रामलालने ताण वाढवला नाही. पण सोडलं तर चुन्नीलाल उलटून येणार. तो घाबरून ओरडला, "वस्तादजी, हा ठोकून नाही राहिला! का करू?" सुकराम ओरडला, "ताणू नको! धरून ठेव!" पण चुन्नीलालच हिसके देत होता. प्रत्येक हिसक्याला त्याचा हात आणखी वाकत होता. घामाने आणि मातीने माखलेलं तोंड वळवून त्याने भैयाजींकडे पाहिलं. तेच डोळे! तीन वर्षांपूर्वी गोंदियाला असेच डोळे त्यांच्याकडे लागले होते.

भैयाजींची नजर गर्दीच्या पलीकडे गेली. सगळ्यांपासून दूर, मोकळ्या बैलगाडीच्या जुवावर गुलाबचंद एकटा बसला होता. तो कुस्तीकडे पाहत नव्हता. तो बापाकडे पाहत होता.

चुन्नीलालच्या कोपरातून बारीकसा आवाज आला.

"सोड!" भैयाजी फडात शिरले. दोरी ओलांडताना फेटा सुटला, गळ्यात पडला. गुडघ्यावर बसून त्यांनी आपला उजवा तळहात मातीवर ठोकला. एकदा, दोनदा, जीव खाऊन ठोकला. "सोड बाबू, सोड त्याले! हारला नागरा! मी हारलो!"

रामलालने हात सोडला.  मग कोणीतरी शीळ घातली, कोणी "बुढ्याचं डोकं फिरलं!" म्हणालं, आणि हशा उसळला. गावच्या मालगुजार जमीनदाराने बक्षिसाचा फेटा रामलालला दिला आणि भैयाजींकडे न पाहता उठून गेला. चुन्नीलाल हात पोटाशी धरून रडत होता. दुखण्याने की लाजेने, त्यालाच ठाऊक. सुकराम त्याचं कोपर चाचपू लागला. भैयाजी उठले आणि जत्रेतून एकटेच घराकडे निघाले. लोक बाजूला होऊन वाट देत होते. कालपर्यंत मान म्हणून द्यायचे, आज शिवायला नको म्हणून. माती बंद म्हणजे काय असतं, ते वस्तादाला त्या वाटेवर कळलं. तीन वर्षं पोराने हीच वाट तुडवली होती, आणि ती आपणच त्याच्या पायाखाली घातली होती!

घरी येऊन ते ओसरीवर बसले नाहीत. थेट गोठ्यात गेले आणि भिंतीला टेकून खाली बसले. थोड्या वेळाने गुलाबचंद बैल घेऊन आला. बापाला पाहून दारातच थबकला. भैयाजींनी बोलायला तोंड उघडलं, पण तीन वर्षांचा गंज चढलेला.  डोळ्यांतून मात्र पाणी घळाघळा वाहायला लागलं.

गुलाबचंदने बैल बांधले. मग खाली पाहून म्हणाला, "बाबा, तिथं शेन आहे. इकडं सरका."

मंडळी, तीन वर्षांनंतरचे हे पहिले शब्द! भैयाजी सरकले. गुलाबचंद शेजारी बसला.

"मले मान हलवाले नव्हती पाहिजे, गुलाब," भैयाजी कसेबसे म्हणाले. "तू बरोबर होता. मीच... माजा हात गेला न, बाबू. मले वाटलं, तुजाबी गेला असता तं मी एकटा नसतो राह्यलो." आणि आपण काय बोलून गेलो ते कळून त्यांनी तोंडावर हात धरला.

गुलाबचंदने बापाच्या गळ्यात लोंबणारा फेटा काढून आपल्या मांडीवर घेतला. "लय एकटं वाटलं, बाबा," एवढंच म्हणाला. दारामागे निर्मलाबाई उभ्या होत्या. त्या दिवशी कोणाचा निरोप कोणाला पोचवायचा नव्हता, म्हणून त्यांना रडायला सवड मिळाली.

सकाळी भैयाजी गुलाबचंदला घेऊन आखाड्यावर गेले. एरवी तीस-चाळीस पोरं असायची. आज चौघं होती, तीही लांब उभी. भैयाजी पायरीपाशी थांबले. "कायदा माजाच आहे. मलेबी माती बंद."

तेवढ्यात कुंदाबाई येताना दिसली. आखाड्यावर बाईमाणूस कधी येत नसे. पोरं बावरली. ती सरळ भैयाजींपुढे उभी राहिली. "चुन्नीचा हात लचकला आहे जी. सुकराम वस्तादानं पाला बांधून देल्ला. महिनाभर काम नाही होनार त्याच्यानं."

"चुकलं माजं, बाई," भैयाजी म्हणाले.

"चुकलंच! घडीभर आधी ठोकलं असतं तं लचकलाबी नसता." तिने पदराने डोळे पुसले. "पर हात आहे. माज्या पोराचा हात जाग्यावर आहे. गाव हसून राहिलं तं हसू द्या. गाव का माज्या घरी भाकर देऊन राहिलं?" आणि पोरांकडे वळून ती कडाडली, "तुमी कायले दूर उभे, रे? तुमाले माय नाही का?"

पोरांनी माना खाली घातल्या. मग गुलाबचंद पुढे झाला, पायरी चढून मातीत उतरला आणि बापाला म्हणाला, "या, बाबा."

भैयाजी मातीत बसले. पोरांना जवळ बोलावून म्हणाले, "आजपासून या आखाड्यातला पहिला धडा हात ठोकायचा. मी तुमाले कधी शिकवला नाही, कारन मलेच येत नाही. गुलाब, धर माजा हात."

गुलाबचंदने बापाचा धड असलेला उजवा हात पेचात धरला. तेवढाच एक हात होता त्यांच्यापाशी. भैयाजींनी डोळे मिटले. डावा हात वर जात नव्हता, पण मातीपर्यंत पोचत होता. त्या अधू हाताने त्यांनी माती हलकेच ठोकली. गुलाबचंदने क्षणात हात सोडला.

"पुन्हा धर," भैयाजी म्हणाले.

बंधूंनो, भगिनींनो, माती बंद करणारे आखाडे फक्त नागऱ्यातच होते असं नाही. "जमत नाही," "सोसत नाही," "चुकलं," असं म्हणणाऱ्याला आपण किती घरांत, किती शाळांत वाळीत टाकतो, ते एकदा मोजून पाहा. हार कबूल करणारा भित्रा नसतो. समोरच्या माणसावर भरवसा ठेवण्याइतकी त्याची छाती मोठी असते. ज्या घरात, ज्या गावात माणसाला निर्भयपणे "सोड" म्हणता येतं आणि ते ऐकणारा तत्काळ सोडतो, तिथेच माणसं एकमेकांना धरून राहतात. म्हणून आपल्या पोरांना जिंकायला जरूर शिकवा, पण त्याआधी त्यांचा ठोका ऐकायला आपण शिका!